सतरा पातींची वेणी

इझमे डेव्होला आपल्या आईची वेणी पुढे चालवता येत होती, सुरू करता येत नव्हती. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नॅसोच्या भर बाजारात हे कबूल करायची वेळ यावी, आणि तेही व्हर्लीन मॉक्सीच्या देखत, यापरतं दुर्दैव कोणतं! व्हर्लीनचा गाळा इझमेच्या गाळ्याला लागून. मध्ये एक कापडी पडदा आहे, पण तो कायम बाजूला सारलेला असतो. ओढून घेतला तर भांडायचं कुणाशी?

दोघी मूळच्या बहामासमधल्याच कॅट आयलंड या बेटावरच्या. इझमे ओल्ड वेलची, व्हर्लीन फ्लॅट रॉकची. दोन वस्त्यांत चालत अर्ध्या तासाचं अंतर आणि वेण्यांत जमीन-अस्मानाचं. रुपेरी ताडाच्या पाती उन्हात पांढऱ्या करून, नखाने चिरून त्यांची लांबच लांब पट्टी विणायची, तिलाच तिकडे वेणी म्हणतात. ती गोल गोल शिवत नेली की पिशवी होते, टोपी होते, टोपली होते. फ्लॅट रॉकची वेणी अकरा पातींची, नाव 'माशाचा कल्ला'. ओल्ड वेलची सतरा पातींची, नाव 'खेकड्याची वाट'. तिच्या मधोमध तिरप्या दुहेरी ठिपक्यांची एक रांग जाते, ओल्या वाळूवरून खेकडा चालून गेल्यासारखी. अकराची वेणी कुणीही विणतं, असं ओल्ड वेलच्या बायका म्हणत. सतरा पाती घालून शेवटी पिशवीच होते ना, असं फ्लॅट रॉकच्या बायका म्हणत. हे शंभर वर्षं चाललंय.

सोमवारी सकाळी ग्लेंडिना बेनचा फोन आला. ही कॅट आयलंडच्या वार्षिक मेळाव्याची चिटणीस. इझमेचा एक कान गेल्यापासून ती फोन मोठ्या आवाजात लावते, त्यामुळे तिचं कुठलंच बोलणं तिच्या एकटीचं राहत नाही.

"मिस इझमे, नव्या सभागृहाच्या भिंतीवर सगळ्या वस्त्यांच्या वेण्या लागल्या. खाली पाट्यासुद्धा तयार आहेत. ओल्ड वेलचा खिळा तेवढा मोकळा आहे."

"मग राहू दे की. खिळा काय लगेच गंजतोय?"

"शनिवारी मेळावा आहे. मोकळा खिळा बरा दिसत नाही. फ्लॅट रॉकवाल्यांनी चांगली चार वाव वेणी पाठवलीय. गुरुवारच्या टपालबोटीने तुमची आली नाही तर तीच दोन खिळ्यांवर ताणून घ्यायचं ठरलंय. पाटी मग एकच करू. 'फ्लॅट रॉक आणि ओल्ड वेल'."

"आणि?"

"हो, 'आणि'."

"पोरी, तुझी आजी ओल्ड वेलच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढली."

"म्हणून तर फोन केला, मिस इझमे. एक वाव पुरे. दोन हात पसरले की होते तेवढी. एकच."

पडद्यापलीकडे व्हर्लीन पातींची जुडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

"हस, हस," इझमे म्हणाली.

"मी कुठे हसले? मी म्हटलं, 'आणि' काय वाईट आहे? लग्नाच्या पत्रिकेत असतं."

इझमेने दोन संध्याकाळ हात चालवून पाहिले. सतरा पाती भिजवल्या, गुडघ्यांत धरल्या, डोळे मिटले. तिला वाटलं होतं, बोटांना आठवेल. बोटं मोठ्या उत्साहाने कामाला लागली आणि वीतभर विणून झाल्यावर बघते तो काय, कडा आत वळलेल्या आणि मधोमध माशाचा कल्ला! तेवीस वर्षं डोळ्यांसमोर व्हर्लीनचे हात हलत होते, त्याचा हा प्रसाद. पुन्हा उसवलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा कल्लाच, फक्त जरा लठ्ठ.

आता दुसरं कुणाला विचारावं म्हटलं तर ओल्ड वेलमध्ये सकाळी उघडणारी दारं उरलीत अकरा. 'खेकड्याची वाट' जाणणारी शेवटची बाई, इझमेची चुलत बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. घरातल्या जुन्या टोपल्या वादळाने नेल्या आणि बाजारातल्या पिशव्या, जुना बाजार जळाला तेव्हा त्याच्याबरोबर गेल्या. इझमेच्या गाळ्यातल्या आजच्या पिशव्यांबद्दल तर बोलायलाच नको. दहाच्या दहा कंटेनरमधून येतात. वर 'बहामास' असं भरतकाम करून आलेल्या असतात, हिने फक्त टांगायच्या. खोटं कशाला बोला! पोट त्यांच्यावरच चालतं.

ओल्ड वेलमध्ये मुलीला पाच वर्षं झाली की तिच्या हातात वेणी येई. विहिरीवर जाताना विणायची, शाळेत जाताना विणायची, चर्चमधून परतताना प्रवचन लांबल्याची कुरकुर करत विणायची. भिजवलेल्या पातींची जुडी काखेत, गुंडाळी कोपराला अडकवलेली आणि अंगठे सुटलेले. इझमे आणि तिच्या दोन बहिणी दिवसाला कितीतरी हात विणत. त्या काळात कुणी मोजलं असतं तर इझमेची वेणी बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली असती.

पण सुरुवात आईची. सतरा पाती एकमेकींत कशा अडकवायच्या, कुठली वर, कुठली खाली, कडेची पात कुठे मुडपायची, याला त्या बायका वेणीचं डोकं म्हणत आणि ते फक्त घरची मोठी बाई बांधी. इझमेची आई, ओर्मनी तिचं नाव, पहाटे उठायची. दवाने पाती मऊ असतात, त्या वेळात दाराच्या पायरीवर बसून तीन डोकी बांधायची, प्रत्येकीला वीतभर विणून द्यायची आणि दारामागच्या खिळ्यांवर टांगायची. मुली उठून बघत तेव्हा तीन वेण्या लोंबत असायच्या. धाकटीचा खिळा खाली, थोरलीचा वर. तोंड धुवायचं, मक्याची लापशी खायची आणि आपापल्या खिळ्यावरची वेणी काढून चालू लागायचं. डोकं कसं होतं हे बघायला पहाटे उठावं लागलं असतं. इझमेला झोप प्यारी होती.

सतराव्या वर्षी ती नॅसोला आली, मावशीकडे. मावशीचा बाजारात गाळा. दर आठवड्याला टपालबोटीने वेण्यांच्या गुंडाळ्या यायच्या आणि मावशी-भाची त्यांच्या पिशव्या शिवायच्या. बे स्ट्रीटजवळच्या धक्क्याला तेव्हा जहाजांची रांग लागे. गोऱ्या बायका पांढरे हातमोजे घालून उतरत, पिशवी हातात घेऊन तिचा वास घेत. हो, वास! ताडाच्या पातीला सुकलेल्या गवताचा आणि किंचित मिठाचा वास असतो. इझमेचा दाभण चालायचा तसा बाजारात कुणाचा चालला नाही. तिने पिशवीवर रंगीत पातींची फुलं काढावीत आणि बाईने "अय्या" म्हणून पर्स उघडावी. याच बाजारात तिने नवरा पटकावला, याच बाजारात तीन मुलं गाळ्याखालच्या खोक्यात झोपवली. मुलं आता फ्लोरिडात. नवरा गेला. बाजार राहिला.

ओर्मनी म्हातारी झाली तेव्हा एकदा बोटीच्या कप्तानाबरोबर तिने निरोप धाडला होता. "इझमेला म्हणावं, आठ दिवस ये. डोकं शिकवते. माझे डोळे चाललेत." ते दिवस नाताळचे. धक्क्यावर जहाजांची दाटी. इझमेने उलट निरोप दिला, "ईस्टरला येते." ईस्टरला ती गेली, पण शिकायला नाही, पुरायला.

तर बुधवार उजाडला. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी. इझमे सकाळपासून गप्प होती आणि व्हर्लीनला ते सोसत नव्हतं.

"बाई, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

"आठवतेय."

"काय?"

"तुझ्या आजीला किती पाती मोजता येत होत्या ते. दहा बोटं आणि एक अंगठा पायाचा."

"आली जागेवर," व्हर्लीन म्हणाली आणि पुन्हा विणू लागली.

अकराच्या सुमारास एक गोरी बाई गल्लीतून येताना दिसली. सत्तरीच्या आतबाहेरची, उन्हाने लाल झालेली, पायांत दणकट बूट. इझमेने सवयीने हाक घातली, "ये गं राणी, बघून तर जा! बघायला पैसे नाही पडत."

"मला काही घ्यायचं नाही," बाई म्हणाली. "दुरुस्ती करून मिळेल का? चार गाळ्यांनी नाही म्हटलंय."

तिने खांद्यावरच्या कापडी झोळीतून एक जुनी पिशवी काढली. एक बंद तुटलेला. वरची फुलं उडून नुसता दोरा राहिलेला. रंग गेला होता, चहासारखी तांबूस झाली होती. इझमेने ती हातात घेतली, बंद कुठे उसवलाय ते बघायला अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला.

तिरपे दुहेरी ठिपके. खेकडा चालत गेलेला.

"ही कुठून आणलीस?"

"इथूनच. म्हणजे माझ्या आईने, त्रेसष्ट साली. आम्ही हॅलिफॅक्सचे. आई आयुष्यात एकदाच घराबाहेर पडली, ती इथे आली होती. यात ती लोकर ठेवायची. माझं नाव लोइस."

"व्हर्लीन," इझमेने हाक मारली. आवाज असा लागला की व्हर्लीन वेणी टाकून आली. तिने पिशवीकडे पाहिलं, इझमेकडे पाहिलं, आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

इझमेने लोइसला उलट्या बादलीवर बसवलं, हातात लिंबाचं सरबत दिलं आणि सगळं सांगून टाकलं. आई, पहाट, तीन खिळे, ग्लेंडिना, 'आणि'. पिशवी नेहमी बुडाच्या मधून शिवत आणतात. म्हणजे वेणीचं डोकं असणार ते बुडाच्या ऐन मधोमध, पहिल्या वेटोळ्यात.

"बूड उसवू दे मला. डोकं बघते, पुन्हा शिवून देते. दोन्ही बंद नवे घालते. एक सेंट घेणार नाही."

लोइसने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "ही माझ्या आईची आहे."

"पिशवी तुझ्या आईची. वेणी माझ्या आईची."

"उसवल्यावर पहिल्यासारखी होईल?"

व्हर्लीनने मागून डोळे वटारले, 'हो म्हण' अशा अर्थाने. इझमेने तिच्याकडे पाहिलंच नाही. "नाही होणार. जुनी पात आहे, मोडेल थोडी. बूड नवं दिसेल."

लोइसने सरबत संपवलं. धक्क्यावरून जहाजाचा भोंगा झाला. साडेचारला तिचं जहाज सुटणार होतं.

"आई असती तर नाही म्हणाली असती," ती शेवटी म्हणाली. "ती कुणाला कधी काही देत नसे. लोकरीचा तुकडासुद्धा नाही." मग तिला हसू आलं. "उसवा. पण माझ्यासमोर."

इझमेने बूड ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवलं. तेवढ्यात बंद बसवून घेतले. मग चष्मा बदलला आणि दाभणाच्या टोकाने टाके उचलायला घेतले. टाके सुबक होते, बारीक, एकसारखे. व्हर्लीन वाकून बघत होती. "कुणी शिवलीय गं? हात चांगला होता." इझमेने पुढचा टाका उचलला. आपला हात माणूस ओळखतो. त्रेसष्ट साली ती एकवीस वर्षांची होती आणि बाजारात तिच्यासारखा दाभण कुणाचा नव्हता.

पहिलं वेटोळं सुटलं. मधलं टोक आत मुडपलेलं होतं. तिने ते सरळ केलं.

डोकं नव्हतंच. टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं.

इझमे त्या कापलेल्या कडेकडे बघत राहिली. आणि मग तिला मावशीचा गाळा आठवला, मावशीची काळ्या मुठीची मोठी कात्री आठवली. वेणीचं डोकं गाठीसारखं जाड असायचं. ते बुडात घेतलं की पिशवी टेबलावर डुगडुगायची. गोऱ्या बाया ती टेबलावर ठेवून बघत आणि नाक मुरडत. म्हणून गुंडाळी आली की पहिलं काम, डोकं छाटायचं. मावशीने तिला हेच आधी शिकवलं होतं. आई पहाटे दवात बसून बांधायची आणि लेक दुपारी छाटायची. गाळ्याखालच्या टोपलीत साठलेली डोकी संध्याकाळी मासे भाजायला चुलीत. झकास पेटायची.

"हे मीच कापलंय," ती म्हणाली.

लोइसला कळेना. व्हर्लीनला कळलं. तिने फडकं उचललं, पिळलं, पुन्हा पसरलं, असली बिनकामाची कामं केली.

"आम्हीपण छाटायचो," व्हर्लीन म्हणाली. "सगळेच छाटायचे. पिशवी सपाट बसायला हवी ना."

"तुमची वेणी तर अजून हयात आहे."

"आहे बाई. अकरा पाती जगवायला फार अक्कल लागत नाही."

एरवी इझमे या वाक्यावर आठवडाभर जगली असती. आज तिला हसूही आलं नाही. तिने पिशवीचं बूड हातात धरलं आणि नुसती बसून राहिली. समोरून माणसं जात होती, "राणी, बघून जा" म्हणायचीही शुद्ध नव्हती. शनिवारी ते लोक तो 'आणि' लिहिणार. ओल्ड वेलमधल्या अकरा दारांतली माणसं नवी कापडं घालून सभागृहात येणार, ती पाटी वाचणार, एकमेकांना काही म्हणणार नाहीत, आणि मासे-भात खायला निघून जाणार. संपलं. वस्ती अशीच संपते. कुणी रडत वगैरे नाही.

व्हर्लीनला रिकामं बसवत नाही. तिने आपली वेणी पुन्हा गुडघ्यांत धरली. तिची एक पात संपत आली होती. तिने काखेतल्या जुडीतून नवी पात ओढली, संपणाऱ्या पातीवर दोन बोटं सरकवून ठेवली, अंगठ्याने दाबली आणि पुढे चालू लागली. दिवसातून शंभरदा करतात हे. बघायचंही नसतं.

इझमेने बघितलं.

"थांब. पुन्हा कर."

"काय पुन्हा?"

"पात सरकव."

"का, विसरलीस? अरे देवा, आता हेही मीच शिकवू?" पण तिने केलं. संपणाऱ्या पातीवर नवी पात. अंगठा. पुढे.

इझमे उठून उभी राहिली. शहात्तराव्या वर्षी एवढ्या झटक्यात उठू नये, तिच्या गुडघ्याने तसं सांगितलंही. "व्हर्लीन, मला डोकं नकोच आहे!"

"ते दिसतंच आहे गं रोज."

"ऐक. आईने मला डोकं कधी दिलं? वीतभर विणून द्यायची. मी पुढे न्यायची. इथे वीतच्या वीत आहे!" तिने कापलेल्या टोकापासून वीतभर मोजलं. "हे डोक्याकडचं टोक. ते मेलं ते मेलं. पण हे पुढचं टोक. इथे सतरा पाती आहेत. बोटभर उसवायची, एकेकीवर नवी सरकवायची, आणि चालायचं."

व्हर्लीनने जुन्या पातीला नख लावून पाहिलं. "पन्नास वर्षांची पात आहे. मोडेल."

"पंचावन्न. मोडली तर मोडली."

दुधाला विरजण लावताना पहिलं दही कुणी लावलं हे कुणी विचारत नाही. शेजारणीकडून चमचाभर आणायचं आणि दूध तयार ठेवायचं. इझमेची आईसुद्धा दारामागे रोज तेच टांगत होती आणि लेकींना वाटायचं की आपल्याला कामाला लावलंय.

लोइसने वीत द्यायला हरकत घेतली नाही. तिने एकच विचारलं, "मग माझ्या पिशवीला बूड कशाचं?"

इझमेकडे दुसरी हाताने विणलेली वेणी नव्हती, आणि कंटेनरवाली लावणं म्हणजे त्या पिशवीचा अपमान होता.

"सांग ना तिला," व्हर्लीन म्हणाली. तिच्या आवाजात असं समाधान होतं की विचारू नका. "सांग तिला, ओल्ड वेलच्या पिशवीला फ्लॅट रॉकचं बूड लागणार."

"एक वीत दे आणि तोंड बंद ठेव."

"देते की. पण लक्षात ठेव, सगळा भार बुडावरच असतो."

साडेतीनला पिशवी तयार झाली. चहाच्या रंगाच्या पिशवीला पांढरंशुभ्र गोल बूड, माशाच्या कल्ल्याचं. डुगडुगत नव्हती. लोइसने ती नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली. मग पिशवी खांद्याला अडकवून, दणकट बुटांनी धक्क्याकडे चालू लागली. वळणावर तिने मागे बघून हात केला. इझमेचे हात पाण्यात होते, तिने कोपर हलवलं.

वीतभर वेणी पाण्याच्या भांड्यात सकाळच्या पावासारखी फुगून मऊ झाली होती. इझमेने पुढचं टोक उसवलं, बोटभरच. दोन पाती मोडल्या, मुळाशी. इझमेने मोडलेल्या बुडख्यांवरच नव्या पाती सरकवल्या, शेजारच्या पातींखाली दाबल्या. एक, दोन, तीन. सतराव्या पातीला तिने डोळे मिटले.

या वेळी बोटांना आठवायचं काही नव्हतंच. वाट आखलेली होती, फक्त तिच्यावर पाय ठेवायचा होता. वर, खाली, दोनांवरून, कडेला मुडपून परत. चार बोटं पुढे गेल्यावर तिने डोळे उघडले. तांबूस वेणीतून पांढरी वेणी निघाली होती आणि मधोमध, तांबूसमधून पांढऱ्यात, न थांबता, खेकडा चालला होता.

"चर्चमधून परत येताना," इझमे म्हणाली, हात न थांबवता, "आई सगळ्यांच्या मागे राहायची. मला वाटायचं, तिला चालवत नाही म्हणून. ती आमच्या वेण्या बघत यायची. चुकलं की मागूनच ओरडायची, 'इझमे, तुझा खेकडा लंगडतोय!'"

"लंगडतोय का आता?"

"बघ ना. तूच मागे आहेस."

व्हर्लीनने चष्मा लावून नीट पाहिलं. फ्लॅट रॉकच्या बाईला हे बोलणं किती जड जात असेल ते तिचं तिलाच ठाऊक. "नाही लंगडत," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी टपालबोटीच्या कप्तानाकडे इझमेने स्वतः गुंडाळी नेऊन दिली. एक वाव मागितली होती, दीड झाली होती. मोकळं टोक तिने बांधलं नव्हतं, ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. मोठ्या आवाजात, अर्थातच.

"मिस इझमे! पोचली! काय सुंदर आहे हो! म्हाताऱ्या बायका हात लावून लावून बघतायत. पाटीपण वेगळी केली. नुसतं 'ओल्ड वेल'."

"बरं."

"एकच विचारायचं होतं. सुरुवातीचा वीतभर भाग फार काळपट दिसतो, जुना असल्यासारखा. बाकी सगळी वेणी कशी पांढरी स्वच्छ आहे. पाद्रीबाबांच्या मिसेस म्हणतात, तेवढा छाटला तर एकसारखी दिसेल. कात्री माझ्या हातातच आहे."

पडद्यापलीकडे व्हर्लीनचा हात जिथल्या तिथे थांबला.

"ग्लेंडिना," इझमे म्हणाली, "खाली ठेव."

"अं?"

"कात्री. खाली ठेव. ठेवलीस?"

"ठेवली, मिस इझमे."

"आता नीट ऐक. काळी बाजू वर. खिळ्याला तीच अडकव. दुसरं टोक मोकळं सोड, गाठ मारू नकोस. आणि खिळा किती उंचावर आहे?"

"माझ्या डोक्यावर एक हात."

"खाली घे. पाच वर्षांच्या पोरीचा हात पोचेल इतका खाली. खाली एक बादली पाणी ठेव आणि पातींची जुडी ठेव. हात लावणाऱ्याला ओरडू नकोस. चुकली तर उसव आणि पुन्हा दे, पण पांढऱ्यातलं. वरच्या वितीला हात नाही लावायचा कुणी."

"पण मिस इझमे, ते प्रदर्शन आहे. पाणी सांडेल की."

"सांडू दे," इझमे म्हणाली आणि फोन बंद केला. मग गल्लीच्या तोंडाशी नव्या जहाजाची माणसं दिसली तशी ती उठली, गुंडाळी पाठवण्याआधी तिच्या टोकाची वीतभर वेणी ठेवून घेऊन, ती पुढे नेत दोन दिवसांत विणून शिवलेली एकुलती एक छोटी सतरा पातींची पिशवी खुंटीवर पुढे सरकवली आणि खणखणीत हाक घातली, "ये गं राणी, बघून तर जा!"